खळ्यावरचा कणोबा

“मामा, इकडे या! हा तर चक्क दागान आहे!”

शिमशोन एवढ्या मोठ्याने ओरडला की मळणीचे बैल थबकले. मधल्या खांबाभोवती ते सकाळपासून गरगरत होते, त्यांना थांबायला निमित्तच हवं होतं. जोमाकाकांनी कासरा सैल सोडला आणि तेही बघायला लागले. मी चहाचे कप घेऊन घरातून आले होते, ती खळ्याच्या कडेला तशीच उभी राहिले. ज्या माणसाशी दुसऱ्या दिवशी माझा साखरपुडा व्हायचा होता, तो इस्त्रीच्या विजारीची पर्वा न करता मातीत गुडघे टेकून बसला होता आणि कणोबाला न्याहाळत होता.

कणोबा म्हणजे एक दगड. गुडघाभर उंचीचा, वर निमुळता होत गेलेला, अंगावर शेंदराची पुटं. नाक नाही, डोळे नाहीत, पण जोमाकाका त्याच्या एका बाजूला तोंड म्हणत आणि ते पूर्वेला असे. काका आगरी, आणि हा त्यांच्या घरचा धान्याचा देव. खळं मात्र आमचं. आम्ही बेने इस्राएल, त्या खाडीकाठच्या गावातलं एकुलतं एक यहुदी घर. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पणजोबांना लोक शनवार तेली म्हणत. पुढे घाणा गेला आणि शेती राहिली. ती जोमाकाका आमच्याबरोबर कसायचे.

पणजोबांच्या काळापासून एक रीत चालत आलेली. भाताची रास झाली की काका कणोबापुढे नारळ फोडणार आणि मोजणीची पहिली पायली त्याच्यासमोर ओतणार. ती ओतताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मोजणी दोनापासून सुरू. संध्याकाळी ते पायलीभर भात काकांच्या घरी जायचं. आम्ही त्या दगडाच्या पाया पडत नव्हतो आणि ते आम्हाला पडा म्हणत नव्हते. ह्यात कोणाला कधी वावगं दिसलं नव्हतं. त्याला दागान म्हणणारा माणूस खळ्यावर पहिल्यांदाच आला होता.

“कोण आहे म्हणालास?” यहेज्केलमामांनी विचारलं. हे शिमशोनचे मामा. वडील लवकर गेल्यावर त्याला ह्यांनीच वाढवलं, शिकवलं, शाळेत इतिहासाचा मास्तर केलं. मुंबईच्या मशिदीत त्यांना मोठा मान. मशीद म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, आम्ही त्याला मशीदच म्हणतो. मार्गशीर्षातल्या कोरड्या ठणठणीत दिवशीही मामांच्या हातात छत्री होती.

“दागान, मामा! धान्याचा देव. फरात नदीकाठचा. केवढा जुना! मोठमोठे राजे त्याला लोटांगण घालून सांगायचे, हा मुलूख तुझ्या कृपेने मिळाला म्हणून. आणि हे बघा, ह्याच्यापुढे भात ओततात. मी एवढं वाचलं, पण असा डोळ्यांनी...”

“दागान म्हणजे दागोन? अश्दोदचा?”

“तोच. पलिष्ट्यांनी तो नंतर आपलासा केला.”

मामांनी छत्री जमिनीत रोवली. माझ्या वडिलांकडे वळून ते म्हणाले, “हनोकभाऊ, तुमच्या खळ्यावर दागोन आहे?”

नाना गडबडले. “आम्ही कणोबा म्हणतो. म्हणजे आम्ही नाही, जोमा म्हणतो.”

शिमशोनच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. आपण काय करून बसलो ते त्याच्या लक्षात आलं, पण तोवर मामा गोष्ट सांगायला लागले होते. आमच्या लोकांत ती लहान पोरांनाही पाठ असते. लढाईत पलिष्ट्यांनी, म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्यांनी, आमची पवित्र पेटी पळवली आणि अश्दोदला नेऊन दागोनच्या देवळात त्याच्याशेजारी ठेवली. सकाळी पुजारी येऊन बघतात तर देव पेटीपुढे पडलेला.

“कसा पडला, सायब?” जोमाकाकांनी विचारलं. कासरा खांद्यावर टाकून ते जवळ आले होते. “उपडा का उताना?”

मामांना श्रोता मिळाल्याचं बरं वाटलं. “उपडा. तोंडावर. लोटांगण घातल्यासारखा.”

“आनी कोनी पाडला?”

“कोणी नाही. आपोआप.”

“आसं,” काका म्हणाले आणि बैलांकडे परत गेले.

मामांनी चहा घेतला नाही. कप माझ्या हातात तसाच ठेवून ते नानांना म्हणाले, “मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे. पण ज्या घरचं पहिलं माप दागोनपुढे पडतं, त्या घरात मी सोयरीक करणार नाही. तो दगड तिथून हलवा, उद्या आनंदाने साखरपुडा करू. नाहीतर आम्ही सकाळच्या गाडीने जातो.”

आता माझं सांगते. मला सव्विसावं वर्ष लागलेलं. आमच्या लोकांत मुलगे थोडे, त्यातले निम्मे तेव्हा इस्राएलला निघालेले. आधी एक स्थळ काळी म्हणून मला नाकारून गेलं होतं, दुसरं शिकलेली म्हणून. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरतेच. शिमशोन मला आवडला होता. दिवाळीच्या सुट्टीत तो पहिल्यांदा आला, तेव्हा घाण्याची जुनी उखळी बघत अर्धा तास अंगणात बसला आणि जेवायला हाक मारली ती त्याला ऐकूच गेली नाही. असल्या माणसाबरोबर आयुष्य काढायला मजा येईल असं मला तेव्हाच वाटलं होतं.

दिवस कलताना मी विहिरीवर गेले तर तो तिथेच घुटमळत होता.

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला त्याचं नाव घ्यायला?” मी म्हटलं. “दगड म्हणाला होता का, मला ओळखा म्हणून?”

“चुकलंच माझं.”

“आता चुकलंच आहे तर निदान पूर्ण तरी सांगा. कोण हा तुमचा दागान, ज्याच्यापायी माझं लग्न मोडतंय?”

तो हसला नाही, पण सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही. “गंमत अशी आहे मिलका, की ह्या देवाची स्वतःची म्हणावी अशी एकही गोष्ट सापडत नाही. समुद्राकाठच्या उगारित शहरात बआल हा पावसाचा देव लढतो, मरतो, परत येतो, आणि हा नुसता बआलचा बाप म्हणून नावापुरता. पण जागा सगळ्यांनी दिली. फरातकाठच्या मारी शहराच्या राजांना हा दुसऱ्यांच्या स्वप्नांतून निरोप पाठवायचा. बाबिलोनकडच्यांनी आपल्या थोरल्या देवाच्या, एन्लिलच्या, पंक्तीला बसवला. पलिष्टी तर कुठून कुठून समुद्रावरून आलेले, त्यांनीही घेतला.”

“घरातल्या थोरल्या काकांसारखा की! बोलत काही नाहीत, पण पाट मांडावाच लागतो.”

“अगदी तसाच.” आता मात्र तो हसला. “आपल्या हिब्रूतही धान्याला दागानच म्हणतात. आणि धान्य सगळ्यांनाच लागतं ना. त्यामुळे शेजारच्यांचा असला तरी ह्याला कोणी नाही म्हणत नसत.”

“तुमचे मामा म्हणतात.”

रहाटाचा दोर हातात धरून तो म्हणाला, “मामांनी मला स्वतःच्या ताटातलं भरवलंय. त्यांना दुखवून मी साखरपुडा कसा करू?”

“आणि नानांनी दगड हलवला तर?”

“तर मामा खूश होतील.”

“आणि तुम्ही?”

त्याने दोर ओढून माझी घागर भरून दिली. मला राग आला आणि तो अजून जास्त आवडला, दोन्ही एकदमच. मी घागर कमरेवर घेऊन निघाले.

घरात चांगुणाकाकी, म्हणजे जोमाकाकांची बायको, मालिद्याचं खोबरं किसत बसली होती. आमच्यात कुठलंही शुभकार्य असलं की एलियाहू हनाबी ह्या आमच्या संदेष्ट्याच्या नावाने मालिदा करतात. पोहे, गूळ, खोबरं आणि वर फळं. आई मी लहान असतानाच गेली. माझ्या वेण्या घातल्या त्या काकीनेच. म्हणून साखरपुड्याचं आईच्या मानाचं लुगडं नानांनी तिला दिलं होतं. हिरवं, लाल काठांचं, मीच अलिबागहून पसंत करून आणलेलं. ते घडीचं लुगडं शेजारी पाटावर ठेवून ती किसत होती, पण नेहमीसारखं गाणं म्हणत नव्हती.

नाना ओटीवर बसले होते. मी विचारलं, “काय करायचं?”

“जागा माझी आहे गं,” ते म्हणाले, “पण देव माझा नाही. जोमाला मी कुठल्या तोंडाने सांगू, तुझा देव उचल म्हणून? त्याचा बाप माझ्या बापाला कधी म्हणाला का, तुमच्या दाराच्या चौकटीवरची ती प्रार्थनेची डबी, ती मेझुझा काढा म्हणून?” मग ते म्हणाले, “पण तुझंही मला दिसतंय, मिलका. आता तू सांग.”

आत खोबरं किसण्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने काकी हात पुसत बाहेर आली, लुगडं काखेत धरून म्हणाली, “जातंय मी घरा,” आणि आमच्याकडे न बघता गेली. तिने सगळं ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी मामांच्या हाकेने घर जागं झालं. प्रार्थना आटोपून ते फिरायला म्हणून खळ्यावर गेले होते. “हनोकभाऊ! शिमशोन! अरे या, बघा या!”

आम्ही धावलो. कणोबा आडवा झाला होता. उपडा, तोंडावर, अगदी मामांच्या गोष्टीतल्यासारखा. मामांचे डोळे भरून आले होते. छत्री वर करून ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “अश्दोद! प्रत्यक्ष अश्दोद!”

जोमाकाका आणि काकी खळ्याच्या कडेला उभे होते. काका म्हणाले, “बैल सुटला व्हता राती. त्याचा धक्का लागला आसंल.”

“बैल सुटायलाही कारण लागतं,” मामा म्हणाले. ते इतके खुशीत होते की त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “वाईट वाटून घेऊ नका. पण आता त्याला उभा करायचा नाही. तसाच राहू दे.”

“बरा,” काका म्हणाले.

“मग झालं! हनोकभाऊ, तयारी करा. मुलगी आमची.”

नानांनी सुस्कारा सोडला. शिमशोनने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं, खोटं कशाला सांगू. बैलाचा धक्का तर बैलाचा धक्का. मला लग्न हवं होतं, ते मिळालं होतं. मी वळलेच होते, एवढ्यात दगडाच्या खालून डोकावणारी एक लाल कड मला दिसली.

मी खाली वाकले. दगडाखाली पेंढ्याचा जाड थर होता, कोणीतरी नीट सारखा करून पसरलेला. आणि जिथे कणोबाचं तोंड यायचं तिथे, पेंढ्यावर, घडी घातलेलं लुगडं होतं. हिरवं, लाल काठांचं.

मी मान वर केली. चांगुणाकाकी माझ्याकडे बघत होती. तिने हळूच मान हलवली, बोलू नकोस म्हणून. ती जुनंच लुगडं नेसून साखरपुड्याला यायला निघाली होती.

ह्या दोघांनी रात्री आपला देव कुशीत घेऊन निजवावा तसा निजवला होता, त्याच्या तोंडाला माती लागू नये म्हणून स्वतःच्या मानाचं वस्त्र खाली अंथरलं होतं, आणि आता बैलावर आळ घेत उभे होते. माझं लग्न व्हावं म्हणून. आणि मी ‘बैल तर बैल’ म्हणून पोहे भिजवायला निघाले होते.

“मामा,” मी म्हटलं, “बैल लुगडं अंथरत नाही.”

शिमशोन पुढे आला, वाकला, त्यालाही दिसलं. मग नानांना. मामा तेवढे लांब उभे होते.

“पोरी, गप ऱ्हा,” जोमाकाका म्हणाले. “तुजा लगीन हाय. आमचा देव काय, पडून ऱ्हायला तरी देवच हाय. त्याला काय व्हतं?”

“काका, मला असं लग्न नको.” मी पदर खोचला. “उचला त्याला. मी धरते.”

मी एका बाजूला बसले आणि दगडाखाली हात घातले. थंडगार होता तो, आणि भलताच जड. काका दुसऱ्या बाजूने आले, पण दगड नुसता हलला. मग माझ्या शेजारी कोणीतरी गुडघे टेकले. शिमशोन होता. त्याने मामांकडे पाहिलं नाही. त्याच्या पाठोपाठ नाना आले.

“हनोकभाऊ!” मामा म्हणाले. “तुम्ही हात लावता त्याला?”

नानांनी जन्मात त्या दगडाला हात लावला नव्हता. धोतर सावरून ते खाली बसले. “देवाला कुठे लावतोय?” ते म्हणाले. “जोमाचं काम अडलंय, त्याला लावतोय.”

चौघांनी मिळून कणोबा उभा केला. काकांनी तोंड पूर्वेला आहे ना ते बघून बुडाशी दगडी चिपा बसवल्या. काकीने लुगडं उचलून झटकलं. त्यावर शेंदराचा डाग पडला होता. ती तो नखाने खरवडायला लागली.

मामा बांधावर जाऊन बसले होते. छत्री गुडघ्यांवर आडवी. आता ते उठतील, पिशवी मागवतील आणि शिमशोनला हाक मारतील, अशी मी वाट बघत होते. बैल तेवढे रवंथ करत होते.

“लुगडं कोणाचं?” मामांनी विचारलं.

“माजा, सायब,” काकी म्हणाली. “नवाच हाय. एकदाबी नाय नेसली.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या डागाकडे. “अश्दोदच्या लोकांनी शेजाऱ्याच्या पोरीसाठी आपला देव निजवला,” ते हळूहळू म्हणाले, “असं मी कुठे ऐकलेलं नाही.” मग नानांना म्हणाले, “मालिद्याचे पोहे कुठल्या भाताचे आहेत?”

आता नानांना खोटं बोलता आलं असतं. “ह्याच खळ्यातले. आधी निघालेल्या हळव्या भाताचे.”

“आणि मुंबईला दरवर्षी सणाला आमच्या मशिदीत पाठवता, ते?”

“तेही ह्याच खळ्यातले.”

मामांनी डोळे मिटले. म्हणजे इतकी वर्षं आपण काय खाल्लं, ह्याची बहुधा ते मनातल्या मनात उजळणी करत होते. मग छत्रीवर जोर देऊन उठले.

“मोजून घ्या तुमची रास,” ते म्हणाले. “उन्हं चढायच्या आत साखरपुडा उरकला पाहिजे.”

आणि पाठ फिरवून ते घराकडे चालू लागले. त्यांना ते पहिलं माप बघायचं नव्हतं, आणि तेवढा हक्क त्यांना होताच.

काकांनी नारळ फोडला. पायली राशीत खुपसली, शिगोशीग भरली आणि कणोबापुढे आणली. मग काय मनात आलं कोण जाणे, ते वळले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“पदर धर.”

“काका, ती त्याची आहे.”

“त्यालाच इचारलंय राती. धर.”

मी पदर पसरला. काकांनी पायली त्यात रिती केली आणि म्हणाले, “लाभ.” मला रडू आवरेना. शिमशोन शेजारी उभा होता, त्याने पदराचं एक टोक धरलं, नाहीतर सगळं भात सांडलं असतं.

साखरपुडा झाला. चांगुणाकाकीने तेच डागाळलेलं लुगडं नेसून आईचा मान घेतला. मालिद्याच्या ताटातलं मामांनी फक्त केळं खाल्लं.

काही वर्षांनी आम्हीही इस्राएलला निघालो. जाण्याआधी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा जोमाकाकांनी विचारलं, “तकडं घर कुठं देतात तुमाला?”

शिमशोनने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “अश्दोदला.”

काका मोठ्याने हसले, ठसका लागेपर्यंत. मग गंभीर होऊन मला म्हणाले, “मंग बघ गो जरा. तो पडलेला, त्याला कोनी उभा केला का नाय.”

आजही मी तिथेच राहते. शहराबाहेर एक बुटकी टेकडी आहे, जुनं अश्दोद तिथे होतं म्हणतात. पहिल्याच वसंतात शिमशोन मला तिकडे घेऊन गेला. देऊळ नव्हतं, मूर्ती नव्हती. खापऱ्या होत्या आणि खणलेले खड्डे होते. शिमशोन त्यांत डोकावत राहिला, मी दुसऱ्या बाजूला उतरले. खाली कोणाचं तरी शेत होतं. कमरेइतका उभा, कापणीला आलेला गहू, टेकडीच्या पायथ्यापासून रस्त्यापर्यंत.

पुढे बऱ्याच वर्षांनी गावी गेले. शिमशोन सोबत नव्हता, तो त्याआधीच्या हिवाळ्यात गेला. जोमाकाका अंथरुणाला खिळले होते. नजर गेली होती. काकीने कानाशी वाकून सांगितलं, मिलका आली. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

“तो तकडचा, उभा हाय का गो?”

“उभा आहे, काका,” मी म्हटलं. “माझ्या कमरेइतका.”

“मंग बरा,” ते म्हणाले, आणि हात तसाच धरून झोपी गेले.